चार फुटी टाकीसाठी घरीच केला लाकडी स्टँड – माझा अनुभव

माशांच्या टाकीचा साईज आधी सांगतो, चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच, काच 12 एमएम. एवढी उंची घेतली कारण मला एंजल फिश ठेवायचे होते आणि त्यांचे वरखाली पसरलेले पर बघता बुटक्या टाकीत त्यांना ठेवणं मला पटत नाही. रेडिमेड कॅबिनेट घ्यायचं नाही हे मात्र पहिल्यापासून पक्कं होतं. आधीच्या छोट्या टाकीखाली पार्टिकल बोर्डचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं) कॅबिनेट होतं, पाणी बदलताना थोडं थोडं सांडायचं ते कडेतून आत मुरत गेलं आणि एक कोपरा पावासारखा फुगला, वरून सनमायका अगदी चकाचक. दुकानात विचारलं तर म्हणे पाणी लागू द्यायचं नाही. अहो माशांची टाकी आहे, पाणी लागणारच ना! लोखंडी अँगलचा स्टँड स्वस्त पडतो, मजबूतही असतो, पण मला खाली कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर राहणारा, पाईपने जोडलेला डब्यासारखा फिल्टर) झाकून ठेवायचा होता आणि हॉलमध्ये फर्निचरसारखं दिसायला हवं होतं, म्हणून लाकूडच.

सगळ्यात आधी वजन काढलं. टाकी 12 घनफुटांची, एका घनफुटात साधारण 28.3 लिटर, म्हणजे काठोकाठ भरली तर 340 लिटर. वरची रिकामी जागा, रेती, दगड वजा जाता पाणी 300 लिटर धरा, म्हणजे 300 किलो. काच 12 एमएमची असेल तर एका चौरस मीटरला 30 किलो भरते, आपल्या टाकीला 28 चौरस फूट काच लागते, म्हणजे नुसती काचच 78 किलोच्या आसपास. रेती आणि दगड 40 किलो. झाले जवळपास सव्वाचारशे किलो, स्टँडचं वजन वेगळंच. आणि हे सगळं सहा चौरस फुटांच्या जागेत, दिवसरात्र, वर्षानुवर्षं. आपल्याकडे घराच्या खोल्यांचा स्लॅब चौरस मीटरला साधारण 200 किलोचा वापराचा भार धरून डिझाईन करतात (भारतीय मानक आयएस 875), आणि आम्ही पहिल्या मजल्यावर, त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून जागा दाखवली. त्याने खाली बीम कुठून जातो ते बघून हॉलची एक भिंत सांगितली आणि टाकी लांबीकडून भिंतीला चिकटूनच ठेवा म्हणाला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हे काम टाळू नका, दुकानदाराला विचारून याचं उत्तर मिळत नाही.

लाकूड घ्यायला पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आहेच, साल आणि पाईन दोन्ही बघितलं. साल दणकट, पण आधी ड्रिलने भोक पाडल्याशिवाय स्क्रू मारला की चिरतो, आणि मला दाखवलं ते लाकूड ओलं वाटत होतं. ओलं लाकूड घरी आल्यावर वाळताना पीळ घेतं आणि टाकीच्या स्टँडला पीळ म्हणजे तळाच्या काचेला धोका. शेवटी एका वखारीत पाडलेल्या वाड्याचे सागवानी वासे मिळाले. इतकी वर्षं छपराखाली वाळलेलं लाकूड, त्याला जे वाकायचं ते वाकून झालेलं असतं. एकेक वासा टोकाकडून डोळ्याला लावून, दुसरा डोळा मिटून बघायचा, सरळ आहे की धनुष्य झालंय ते लगेच कळतं. एक गोष्ट मात्र महत्त्वाची, जुन्या लाकडात मोडके खिळे आतच राहिलेले असतात, म्हणून लोहचुंबक दोरीला बांधून चारही बाजूंनी फिरवलं, जिथे ओढ लागली तिथे खडूची खूण, आणि खिळे काढल्याशिवाय मिलवाला पातं लावतच नाही, बरोबर आहे त्याचं. त्याच्याकडून चार बाय दोन इंचाच्या पट्ट्या काढून घेतल्या, रंधा मारल्यावर त्या सगळीकडून पाव इंच कमी भरतात हे मापात धरायचं.

आता मुख्य गोष्ट. आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांना कागदावर काढलेलं चित्र दाखवलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वजन कशावर येतंय रे, लाकडावर का स्क्रूवर?" सगळं यातच आहे. पायाच्या बाजूला आडवी पट्टी स्क्रूने ठोकली की टाकीचं सगळं वजन त्या चार-सहा स्क्रूंवर लोंबकळतं. त्याऐवजी वरची चौकट पायांच्या डोक्यावर बसली पाहिजे, पाय खालच्या चौकटीवर आणि खालची चौकट जमिनीवर, म्हणजे वजन लाकडातून लाकडात सरळ खाली उतरतं, स्क्रू आणि फेविकॉल मरीन फक्त जागेवर धरून ठेवायला. लाकूड उभ्या रेषेत दाबलं तर भरपूर सोसतं, त्यामुळे पाय किती जाड यापेक्षा तो बरोबर चौकटीखाली आहे का हे बघा. चौकटीची पट्टी आडवी न टाकता उभी ठेवायची, तीच चार बाय दोनची पट्टी चार इंच उभी धरली की चौपट ताठ होते. मी सहा पाय दिले, चार कोपऱ्यांना आणि दोन मधे, एक पुढे एक मागे. पुढच्या मधल्या पायावर दोन्ही दारं येऊन टेकतात आणि फिल्टर एका दारातून आरामात आत जातो.

चौकट काटकोनात आहे का ते नुसतं गुण्या लावून बघू नका, दोन्ही कर्ण टेपने मोजा, सारखे आले की झालं. मग वरची बाजू सपाट करायची, या कामाला मी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि तो द्यायलाच हवा. गवंडी वापरतात ती ॲल्युमिनियमची सरळ पट्टी चौकटीवर ठेवायची, घरातले लाईट बंद करून मागून टॉर्च मारायचा, जिथून उजेड येतो तिथे खोलगट, जिथे येत नाही तो उंचवटा, पेन्सिलने खूण करून तेवढाच रंधा मारायचा, परत पट्टी, परत टॉर्च. लांबीत झालं की रुंदीत, मग तिरकं, कारण पीळ तिरक्यातच सापडतो. त्यावर 19 एमएमचा मरीन प्लाय (पाण्याला टिकणारा प्लायवूड), आयएस 710 शिक्का बघून घेतलेला. मागच्या बाजूलाही प्लाय लावला, नुसतं झाकायला नाही हं, चौकट डावी-उजवीकडे डुगडुगते ती या मागच्या फळीने थांबते. पाईपसाठी त्याला कोपऱ्यात भोकं ठेवली. कापलेल्या प्रत्येक कडेला आणि भोकांच्या आतूनसुद्धा पॉलिशचे हात मारले, पाणी शिरतं ते तिथूनच.

जागेवर ठेवल्यावर फरशीला बाल्कनीकडे उतार निघाला. पॅकिंग कायम स्टँडच्या खाली द्यायचं, टाकी आणि स्टँडच्या मधे कधीच नाही. टाकीखाली फोमची पातळ शीट आहे, ती खाली राहिलेला रेतीचा कणबिण काचेला टोचू नये म्हणून, वाकडा स्टँड सरळ करायला नाही. मग पाणी एक तृतीयांश भरून रात्रभर ठेवलं, मग अर्धं, मग पूर्ण, आणि दरवेळी दोन्ही टोकांना काचेच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजलं, म्हणजे टाकी एका बाजूला कलली तर कळतं. दारांच्या वर पत्त्याचं पान जेमतेम सरकेल एवढी फट ठेवली होती, चौकट खाली वाकली तर सगळ्यात आधी ती फट मिटणार. टाकी पूर्ण भरल्यावरही पान इकडून तिकडे तसंच सरकलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं.

वायरिंगचं राहिलं. एक्स्टेन्शन बोर्ड आतल्या बाजूला उंचावर, खाली जमिनीवर नाही, आणि प्रत्येक वायर प्लगकडे जायच्या आधी खाली झोल देऊन वर नेलेली, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोलातून खाली पडतं, सॉकेटपर्यंत पोचत नाही. आत दमट वास साठू नये म्हणून दोन्ही बाजूंना जाळी लावली. टाकीवरचं झाकण अजून बाकी आहे, उरलेल्या सागाच्या पट्ट्यांत ते बसतंय, पण त्याला आतून पॉलिशऐवजी इपॉक्सी लावणार, कारण तिथे वाफ सतत लागते.