हिरा आला, सही येईना : माझा अनुभव

पहिलेच सांगून ठेवतो, बाहेरून डायमंडचं सॅम्पल मागवणार असाल तर पाठवणाऱ्याला इन्व्हॉइसवर नुसतं 'डायमंड' लिहू देऊ नका, माझे अडीच महिने त्या एका शब्दात गेले.

मी अमळनेरचा, पीएचडी जळगावात. विषय असा की हिऱ्याला करंट द्यायचा आणि एका वेळी एकच फोटॉन (प्रकाशाचा कण) काढायचा. कार्बनच्या जागी एक नायट्रोजन अन् त्याच्या बाजूची जागा रिकामी, हे एनव्ही सेंटर. लेझरने ते चमकतं हे जुनं, पण जपानच्या मिझुओची यांच्या ग्रुपने २०१२ला ते थेट करंटवर चालवलं, तेही रूम टेम्परेचरला (आमच्या मे महिन्यातलं रूम टेम्परेचर वेगळंच असतं ते सोडा). असा डायोड (करंट दिला की उजेड देणारा हिऱ्याचा तुकडा) बनवायची सोय आमच्याकडे नाही, सरांच्या ओळखीच्या परदेशी ग्रुपने फुकट पाठवला, आठ दिवसात मुंबईत.

आणि तिथेच बसला. कस्टम एजंटला एकच कागद हवा होता, माल संशोधनासाठी आहे, विकायला नाही. तो सहीसाठी घेऊन ऑफिसात गेलो (नाव घेत नाही, परत तिथेच जायचंय). टेबलावरचे नाना म्हणे, "भाऊ, दागिन्याच्या कागदावर साहेब सही नाही करणार. अन् जळगावात राहून हिरा बाहेरून कशाला, सराफ बाजार काय कमी आहे का?" शिपाई तर गेल्यागेल्या विचारायचा, "कोनं लगीन शे रे भो?" मी सांगतोय की ३ मिमीचा चौकोन आहे, लॅबमध्ये वाढवलेला, अंगठीत बसवला तर कोणी बघणार नाही. एजंट रोज फोन करून डॅमरेज (माल पडून राहिल्याचं भाडं) वाढतंय म्हणतोय, गाडीभाडं माझं, चहा पण माझा.

मग फाईल शेरा मारून परत: 'हिरा वीजवाहक नसल्याचे समजते, खुलासा करावा.' डोकं फिरलं, पण खरं सांगू, अख्ख्या प्रकरणात कामाचा प्रश्न हाच होता. शुद्ध हिरा इन्सुलेटरच, बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा) ५.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट. म्हणून एका बाजूला बोरॉन घालून पी (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, म्हणजे होल), दुसऱ्या बाजूला फॉस्फरस घालून एन (जादा इलेक्ट्रॉन), मधे शुद्ध थर अन् त्यात ते सेंटर, होल अन् इलेक्ट्रॉन तिथे भेटतात तेव्हा उजेड. त्यात फॉस्फरस महा हट्टी, ०.५७ इलेक्ट्रॉन व्होल्टवर इलेक्ट्रॉन धरून बसतो, अगदी नानांसारखा. हे सगळं दोन पानं लिहून दिलं, कोणी वाचलं नाही.

शेवटी सरांनी पत्राचा विषयच बदलला, 'सेमीकंडक्टर सॅम्पल मिळणेबाबत', हिरा चौथ्या ओळीत ढकलला. पाच मिनिटात सही!! तिकडून इन्व्हॉइसही 'सिंथेटिक डायमंड सेमीकंडक्टर, संशोधनासाठी' असं करून घेतलं. अन् हो, कस्टमचा कोड बघा, ७१०२ खाणीतल्या हिऱ्याचा, कृत्रिम ७१०४ मधे येतो.

पुढचं पटापट झालं. दोन डिटेक्टर लावले, दोघांत एकाच क्षणी फोटॉन किती वेळा येतो ते मोजलं, आलेखात शून्य वेळेवरचा खड्डा ०.५च्या खाली गेला, म्हणजे फोटॉन एकेकच येतोय, त्या रात्री झोप नाही लागली. एक राहिलं, करंटवर न्यूट्रल (विद्युतभार नसलेलं) सेंटरच चमकतं, ५७५ नॅनोमीटरवाला, मी येड्यासारखा लेझरच्या सवयीने ६३७चा (ऋण भाराच्या सेंटरचा) फिल्टर लावून दिवसभर अंधार बघत बसलो होतो.

स्टॉक रजिस्टरात मात्र नानांनी 'हिरा, १ नग' असंच लिहिलंय. मार्चमधे तपासणीला आले की डबी उघडून दाखवावी लागते.