पदरचे १६ ठोके

मंगळवार, रात्री पावणेबारा

काल पुन्हा तेच. दिवा मालवून डाव्या कुशीवर वळले आणि उशीत, कानात, दातांतसुद्धा धडधड. ईसीजी नॉर्मल, टू-डी इको नॉर्मल. फाइल कपाटात आहे. पण रात्री दीडला फाइल काय कामाची?

आज ताई आली होती. तिला म्हटलं, मला माझा ठोका न् ठोका ऐकू येतो. "मग मोज की," म्हणाली. रायनर शँड्री या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये हीच परीक्षा घेतली होती: नाडीला हात न लावता ठोके मनात मोजायचे. ताईने माझं मनगट धरलं, मोबाइलवर ४५ सेकंद लावले. माझे झाले ७१, तिचे ५५. म्हणजे १६ ठोके मी पदरचे घातले! ताई हसली, मीही हसले. नंतर मात्र भांडी आवरताना तेच डोक्यात घोळत राहिलं.

दर ठोक्याला महाधमनीतले आणि मानेच्या रोहिणीतले दाबाचे संवेदक मेंदूला वर्दी देतात, ती इन्सुला नावाच्या भागापर्यंत जाते. मेंदू त्या वर्दीत आपला अंदाज मिसळतो. माझा अंदाज भित्रा, म्हणून हिशोब फुगलेला. सारा गारफिंकेल यांच्या संशोधनात ऑटिस्टिक प्रौढांमध्ये चिंतेचा संबंध याच तफावतीशी दिसला: आपल्याला ठोके कळतात असं वाटणं एक, आणि खरंच कळणं दुसरं.

तरी सगळं डोक्यातच आहे असं कुणी म्हटलं की मला राग येतो. २०२३ मध्ये स्टॅनफर्डला कार्ल डायसेरॉथ यांच्या गटाने उंदरांचं हृदय प्रकाशाने मिनिटाला ९०० ठोक्यांपर्यंत पळवलं. धोक्याची जागा असेल तिथे उंदीर जास्त बिचकू लागले. इन्सुलाचा मागचा भाग शांत केला, तेव्हा ते बिचकणं ओसरलं. म्हणजे भीती खालून वरही चढते. बिचारे उंदीर.

समुपदेशक बाईंनी सांगितलंय, धडधड मुद्दाम ओढवून घ्या, जिना चढा, आणि थांबून नुसतं बघा. आज संध्याकाळी तीन मजले भराभर चढले. छाती भात्यासारखी. कठड्याला धरून उभी राहिले, ओरडावंसं वाटलं, ओरडले नाही. चार-पाच मिनिटांत उतरलं.

खाली आले तर वॉचमनकाका विचारतात, "लिफ्ट बंद आहे का, मॅडम?"

"नाही काका, चालू आहे," म्हटलं, आणि पुन्हा जिन्याकडे वळले.