खाली थांबणारे

राग आला आहे असे म्हणवत नाही, कारण ज्या ओळीचा राग यायचा ती काळजीपोटीच लिहिलेली आहे, हे मला कळते. तरीही सकाळपासून हातातले प्रत्येक काम अर्धवट राहते आहे आणि मन पुन्हा पुन्हा त्या ओळीपाशी जाऊन उभे राहते आहे, तेव्हा एकदा लिहूनच काढावे, म्हणजे निदान संध्याकाळचा स्वयंपाक तरी धड होईल.

नचिकेतने अलिबागकडच्या कोर्लई किल्ल्याच्या सहलीचा तक्ता रात्री सगळ्यांना पाठवला. तक्ता व्यवस्थित आहे, रंगीत आहे, त्यात पेट्रोलचा हिशेबही आहे. ताम्हिणीतून उतरायचे, कोलाडवरून रोह्याला आणि कुंडलिकेच्या कडेकडेने साळावला पोचायचे, रेवदंड्याचा पूल उजवीकडे सोडून कोर्लई गाठायचे, मग काशीदच्या वाळूत मुलांना सोडायचे आणि वेळ उरला तर मुरूडला जाऊन जंजिरा. किल्ल्यासाठी दीड तास राखून ठेवलेला आहे. त्या दीड तासाच्या समोर ‘खाली थांबणारे’ असा एक रकाना आहे आणि त्यात तीन नोंदी आहेत: गाडी, पाण्याचे जादा कॅन, आत्या.

हा क्रम नचिकेतने विचार करून लावला असेल असे मी म्हणत नाही. पण सहल माझी होती. काशीद त्यांनी घातले, जंजिरा त्यांनी घातला, मुलांसाठी उंटाची फेरीही कुणीतरी सुचवली. मला फक्त त्या टेकडीच्या माथ्यावरचे, छप्पर नसलेले चॅपेल पाहायचे होते, आणि नेमक्या त्याच दीड तासात मी दीपगृहापाशी पाण्याचे कॅन राखत बसणार, असे सर्वानुमते ठरलेले दिसते. सर्वानुमते म्हणजे काय, तर कुणीही काही बोलले नाही. दादानेसुद्धा ‘छान’ एवढेच लिहिले.

ते चॅपेल डोक्यात कधीपासून आहे ते मला नक्की ठाऊक आहे. मेणवलीला कृष्णेच्या घाटावर जी मोठी घंटा आहे, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेले आहेत आणि १७०७ हे साल आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चांमधल्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर आल्या आणि आपल्या देवळांत टांगल्या गेल्या, त्यांतलीच ही एक. त्या घाटावर उभे राहून आम्ही ठरवले होते की घंटा पाहिल्या, आता ज्या भिंतींतून त्या उतरवल्या असतील तशी एखादी भिंतही पाहायची, आणि वसईपेक्षा कोर्लई बरे, कारण तिथे गर्दी नसते. ते राहिले. त्याविषयी आज लिहायचे नाही.

कोर्लईची टेकडी म्हणजे समुद्रात शिरलेली एक लांब, अरुंद सोंड आहे. पश्चिमेला उघडा अरबी समुद्र, पूर्वेला कुंडलिकेची खाडी, आणि उत्तरेच्या टोकावरून समोर रेवदंडा. किल्ल्याची लांबी २८२८ फूट आणि सरासरी रुंदी अवघी ८९ फूट, असे जुन्या नोंदीत आहे. त्यामुळे वर गेल्यावर बहुतेक वेळ दोन्ही बाजूंना पाणीच दिसत असणार. रेवदंड्याची ठाणी पोर्तुगीजांची, आणि समोरची ही टेकडी ज्याच्या ताब्यात त्याच्या तोफांखाली रेवदंडा. म्हणूनच बुऱ्हाण निजामशहाने ती तटबंदीने बांधायला घेतली आणि म्हणूनच पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये ती हल्ला करून घेतली. एवढ्या निमुळत्या जागेत त्यांनी आडव्या भिंती घालून एकामागे एक दरवाजे उभे केले, तोफा बसवल्या, आणि तरीही एक चर्च बांधण्यापुरती जागा काढली. आज त्याच्या भिंती उभ्या आहेत, वर आकाश आहे. गडावर पाण्याचे टाके आहे आणि त्याच्याजवळ रत्नेश्वराचे छोटे देऊळ आहे. चर्च आणि महादेव एकाच तटाच्या आत, आणि दोघांनाही वर्षातला बराच काळ गवताखेरीज सोबत नाही. मला ते जाऊन पाहायचे होते.

मग प्रश्न एवढाच उरतो की मला वर चढता येईल की नाही, आणि त्याचे उत्तर मला माहीत नाही. हे लिहिताना फार बरे वाटत नाही. गणपतीत स्वातीच्या घरी जिना उतरताना मी कठडा धरला होता, तो कठडा सगळ्यांनी पाहिलेला दिसतो. डॉक्टर म्हणतात की चढायला हरकत नाही, उतरताना जपा. पण डॉक्टरांचे वाक्य ग्रुपवर कुणी पाठवलेले नाही. दीपगृहाच्या मागून पायऱ्यांची वाट आहे, उंची अशी फार नाही, धडधाकट माणसाला वीस-पंचवीस मिनिटे पुरतात असे जाऊन आलेले सांगतात. मला पाऊण तास लागेल. लागू दे की. पाऊण तास लागणाऱ्या माणसासाठी तक्त्यात रकाना नव्हता, एवढेच माझे म्हणणे आहे.

खरे म्हणजे तेवढेच माझे म्हणणे नाही. वर जाता येणार नाही असे मला कुणी तोंडावर सांगितले असते, तर मी भांडले असते किंवा मान्य केले असते, आणि दोन्हींपैकी काहीही झाले तरी ते माझे झाले असते. इथे विचारलेच नाही. न विचारता सोय करून ठेवली, आणि सोय करणाऱ्याशी भांडता येत नाही, कारण भांडले की आपणच कृतघ्न ठरतो. यापूर्वी असे किती ठिकाणी झाले असेल, याचा विचार दुपारी आडवे पडल्यावर सुरू झाला. लग्नात मला मागच्या पंख्याखालची खुर्ची मिळते. नाटकाचे तिकीट नेहमी कडेचे असते. सिंहगडाचा बेत ठरला की पुणे दरवाजापर्यंत गाडी जाते ना, हे मला आधी सांगितले जाते. पुढच्या वर्षी कदाचित तक्त्यात नावही नसेल, आत्याला दगदग नको म्हणून. इथवर आल्यावर डोळ्यांत पाणी आले आणि मग स्वतःचेच हसू आले, कारण ज्या सहलीला मी अजून गेलेलीच नाही तिच्यातून मला वगळले म्हणून मी रडत होते.

उठून चहा केला आणि खाली थांबायचेच झाले तर तिथे काय आहे, याचा नीट विचार केला. खाली दीपगृह आहे, १९५५ सालचे, आणि ते बांधणाऱ्यांनी टेकडीच्या पायथ्याला, अगदी समुद्राच्या तोंडावर जागा निवडली, म्हणजे खालची जागाही काही अगदी टाकाऊ नसावी. गावात माउंट कार्मेलचे चर्च आहे, त्याला छप्पर आहे. १७४० च्या तहाने पोर्तुगीज इथून गेले, पण त्यांच्याबरोबर न गेलेली ख्रिस्ती वस्ती गावात राहिली आणि ती घरात अजूनही एक पोर्तुगीज वळणाची बोली बोलते, जिच्यात एव्हाना भरपूर मराठी मुरलेले आहे. वर उघड्या भिंती आणि खाली बोलती माणसे, असा हिशेब मांडला तर नचिकेतने मला नकळत चांगली बाजू दिली असेही म्हणता येईल. शिवाय १६८३ मध्ये मराठ्यांनी रेवदंड्याला लागून असलेल्या पोर्तुगीजांच्या चौलला वेढा घातला तेव्हाही ही टेकडी हाती लागली नव्हती. तेव्हा संभाजीराजांच्या फौजेला जे जमले नाही ते मला जमले नाही तर त्यात लाज कसली? हा युक्तिवाद मला पुरता पटला आणि तरीही वर जायची इच्छा तसूभरही कमी झाली नाही.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून वरून सगळ्यांना फोटो पाठवावा, असा एक बालिश विचार आला होता. मी तो सोडून दिला. मात्र सहाच्या सुमारास मी चपला काढून बूट घातले होते आणि सारसबागेपर्यंत चालत गेले होते, हे इथे लिहून ठेवायला हरकत नाही. पर्वतीकडे पाहिले. ओली होती, संध्याकाळची गर्दीही होती. भेळ न खाता परत आले.

रात्री तक्ता उघडला. स्वातीने मागे शिकवले होते तसे त्यात बदल करता येतात, हे नचिकेत बहुधा विसरला असावा. तारीख मी तुळशीच्या लग्नानंतरची केली, कारण त्याआधी गडावर कमरेएवढे गवत असते आणि पायऱ्या निसरड्या असतात, आणि हे गुडघ्यांसाठी नाही, सगळ्यांसाठीच. पुण्याहून निघायची वेळ सातची होती ती पहाटे चारची केली. काशीद दुपारी ढकलले आणि जंजिरा काढून टाकला; तिथल्या होडीची रांग आणि दीड तासाचे चर्च एका दिवसात बसत नाहीत, हे कुणीतरी सांगायलाच हवे होते. किल्ल्यासमोर दीड तासाऐवजी तीन तास लिहिले. आत्या जिथे होती तिथेच राहू दिली, फक्त तिच्याखाली नचिकेतचेही नाव घातले. तो आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर लिफ्टने येतो. प्रसंगी कॅन राखायला दोघे असलेले बरे.

दहा मिनिटांत त्याचा फोन आला. चार वाजता मुले उठणार नाहीत म्हणाला. मी म्हटले, मुलांना झोपलेली उचलून गाडीत घाल, तुला आम्ही तसेच महाबळेश्वरला नेले होते. मग जरा थांबून म्हणाला, “आत्या, तू वर येणार आहेस का?” विचारले एकदाचे. मी म्हटले, तिथे गेल्यावर सांगेन. त्याने हो म्हटले आणि जंजिऱ्याचा विषय काढला नाही.

आता स्वाती विचारते आहे की बरोबर काय न्यायचे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि काकड्या असे मी कळवले आहे. त्या कुठे बसून खायच्या, हे कळवलेले नाही.