आमची वाटचाल : त्या रेषेने आमचा धंदा राखला

लग्नाच्या शूटिंगवर उभी राहिलेली आमची मालवणातली फर्म. जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं, जुलैत इन्स्टाग्रामवर रील्स आल्या, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी सगळ्यात आधी भारतात सुरू केली. लग्नं तेव्हा मोजक्या माणसांत उरकत होती, म्हणून आम्ही तारकर्ली-देवबागच्या न्याहारी-निवासवाल्यांचे उभे व्हिडिओ करायला घेतले. पुढची वर्षं बरी गेली, ती सांगत बसत नाही.

सांगायचंय ते २०२४ च्या दिवाळीपासूनचं. त्याच ऑक्टोबरात शॉर्ट्सची मर्यादा तीन मिनिटांवर गेली आणि शहरातून एक एजन्सी आमच्या किनाऱ्यावर उतरली. महिन्याला अमुक लाख व्ह्यूज, लेखी हमी. स्कुबावाले गेले, बोटवाले गेले, खानावळवाले गेले. ज्यांच्या पहिल्या व्हिडिओचे आम्ही पैसेही घेतले नव्हते, ते फोन उचलेनासे झाले. ऐन सीझनमध्ये ड्रोन विकावा लागला. एडिटिंगच्या पीसीचे हप्ते थकले. आमच्याकडे दमट हवेत लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही, पण बॅगेतल्या सिलिका जेलच्या पुड्या बदलायचीसुद्धा उमेद राहिली नव्हती. एडिटिंगला बसणारा पोरगा पगार न मागता येत राहिला, ते मी विसरणार नाही.

गिऱ्हाइकांत हलले नाहीत ते एकटे देवगडचे आंबावाले काका. एजन्सीने त्यांनाही एक व्हिडिओ फुकट करून दिला होता. आधी लोगो गरगर फिरतो, मग बागेवरून ड्रोन, मग पवनचक्क्या, मग किल्ला. काकांचा मला फोन, "अरे झिला, ह्यात आंबो खंय आसा?"

मी देवगडला गेलो. त्यांच्या पडवीत बसून त्यांच्याच चॅनेलचा यूट्यूब स्टुडिओ, म्हणजे चॅनेलवाल्याला आपले आकडे दिसतात ते पान, उघडलं. व्ह्यूजचा आकडा दणदणीत होता. त्याचं कारण धंद्यातल्या माणसांना माहीत आहे: ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी यूट्यूब व्ह्यू धरतं, किती वेळ बघितला ते त्यात येत नाही. लेखी हमी त्याच आकड्यावर चालली होती. मी खाली रिटेन्शनचा आलेख काढला, म्हणजे व्हिडिओच्या कुठल्या क्षणाला किती जण बघत उरले ते दाखवणारी रेष. लोगो संपायच्या आत रेष कड्यावरून दगड सुटावा तशी खाली आलेली. थांबून बघणारे आणि स्वाइप करून जाणारे, यांतही जाणारेच जास्त. काकांनी चष्मा वर केला, रेषेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मगे ते व्ह्यूज काय पेटयेत भरूचे?"

त्याच दुपारी फोन, छोटा माइक आणि खिडकीतला उजेड एवढ्यावर पेटी उघडतानाचं शूट केलं. पहिल्या फ्रेमला काकांचा हात पेंढ्यात. नमस्कार-चमत्कार काही नाही. आंबा वर येतो, काका देठाशी नाक नेतात, आवाज फक्त पेंढ्याचा. टाकला, आणि चार दिवस रेषेला हात लावला नाही. मग बघितलं. सुरुवात टिकलेली, काका भाव सांगायला लागतात तिथे खड्डा, आणि सुरी फिरून केशरी गर उघडतो तिथे उंचवटा. उंचवटा म्हणजे लोक मागे येऊन तेवढंच पुन्हा बघतात. दुसऱ्या व्हिडिओत सुरी पुढे आणली, भाव बोलण्याऐवजी खालच्या पट्टीवर लिहिला, आणि शेवटची फ्रेम अशी कापली की पहिलीशी सांधा दिसू नये. शॉर्ट संपला की आपोआप पहिल्यापासून सुरू होतो, त्यामुळे बघणारा दुसऱ्या फेरीत कधी शिरला ते त्यालाही कळत नाही, आणि सरासरी बघितल्याची टक्केवारी शंभराच्या वर जाते. त्या मोसमात काकांच्या बऱ्याचशा पेट्या वाशीला न जाता थेट घरोघरी गेल्या.

हे कळल्यावर बाकीचे एकेक करून परत आले. "तुमच्यावर अन्याय झाला" असं एकानेही म्हटलं नाही. ते खुपतं, आणि खुपतं म्हणूनच लिहितोय.

कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. चॅनेलचा पासवर्ड कुणाला देऊ नका. स्टुडिओत परवानगी देऊन काम करून घेता येतं, आणि भांडण झालं की ती काढूनही घेता येते. कुणी व्ह्यूजचा स्क्रीनशॉट नाचवत आला, तर त्याच व्हिडिओची रेष मागा. नव्या पोरांना सांगणं असं की एका वेळी एकच गोष्ट बदला. सुरुवात, गाणं, लांबी सगळं एकदम बदललंत तर रेष कशाने उचलली ते कधीच कळायचं नाही. माणूस कुठे निघून गेला ते रेष सांगते. का गेला ते सांगत नाही. त्यासाठी व्हिडिओ घरातल्या कुणाच्या तरी हातात द्या आणि त्याचा अंगठा बघत बसा. आम्ही काकांच्या नातवाला बसवतो. बोटीवर शूट करत असाल तर इंजिन चालू असताना बोलणं रेकॉर्ड करू नका, अक्षरं टाका. कित्येकजण आवाज बंद ठेवूनच बघतात.

ड्रोन पुन्हा घेतला, पण पहिल्या फ्रेमला तो लावत नाही. काकांचं बिल अजून जुन्याच दराने निघतं. त्या सीझनला सोडून गेलेल्यांना आजचा दर आहे, आणि त्यात घासाघीस चालणार नाही.