मूळ शोध बाहेरचा, मग तुम्ही काय केलंत?

औषध कंपनीत स्केल-अपचं, म्हणजे प्रयोगशाळेतली प्रक्रिया कारखान्याच्या मापात बसवण्याचं काम करतो म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "मूळ शोध तर बाहेरचा असतो ना? मग तुमचं त्यात संशोधन ते काय?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी नवीन असतानाची एक बॅच आठवते. लॅबमध्ये फ्लास्कमधून जे मटेरियल दर वेळी पांढरंशुभ्र यायचं, ते ५०० लिटरच्या रिॲक्टरमधून (रासायनिक क्रिया घडवायच्या मोठ्या भांड्यातून) चहाच्या रंगाचं आलं. फ्लास्क बर्फात ठेवला की आतली उष्णता लगेच निघून जाते. मोठ्या भांड्यात मालाच्या मानाने भिंत कमी पडते; भांड्याभोवतीच्या जॅकेटमधून थंडगार ब्राइन (मिठाचं पाणी) फिरत असलं तरी मधला माल तापतो. आम्ही आर अँड डीवाले कागद चाळत बसलो होतो. शिफ्टवरचे ऑपरेटर मामा म्हणाले, "साहेब, ॲडिशन सुरू झालं की दहा मिनिटांत टेम्परेचर चढतंय. हळू सोडा की." ॲडिशन म्हणजे रिॲक्टरमध्ये दुसरं रसायन सोडणं. मामांनी ते लॉगबुकात लिहूनही ठेवलं होतं. तासाभराचं ॲडिशन आम्ही सहा तासांवर नेलं. माल पांढरा आला. तेव्हापासून नवी प्रोसेस प्लांटवर न्यायची तर मी आधी मामांकडे जातो.

हेच फार मोठ्या प्रमाणावर पाहायचं तर आफ्रिकेतल्या मेनिंजायटिसच्या (मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराच्या) लशीकडे पाहा. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात 'ए' गटाच्या जंतूच्या साथी येत. १९९६-९७ च्या साथीत सुमारे अडीच लाख लोक आजारी पडले, २५ हजार दगावले. जंतूच्या आवरणातल्या शर्करेपासून केलेल्या जुन्या लशीचं संरक्षण लहान मुलांत टिकत नसे. ती शर्करा प्रथिनाला जोडली तर टिकते, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होतं. अडत होतं ते किमतीवर. २००१ मध्ये 'पाथ' ही आरोग्य क्षेत्रातली ना-नफा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटनेनं प्रकल्प हाती घेतला, तेव्हा आफ्रिकी देशांचं म्हणणं स्पष्ट होतं: डोस अर्ध्या डॉलरच्या आत हवा. बड्या कंपन्यांशी बोलणी फिसकटली.

मग जोडणीची पद्धत आली अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेच्या प्रयोगशाळेतून, सुरुवातीची शर्करा ॲमस्टरडॅमहून, जोडायचं प्रथिन म्हणजे धनुर्वाताचं टॉक्सॉइड (निर्विष केलेलं विष) पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं. पुण्याचे शास्त्रज्ञ अमेरिकेत बेथेस्डाला, त्या प्रयोगशाळेत जाऊन ती पद्धत प्रत्यक्ष शिकून आले आणि कारखान्याच्या मापात त्यांनी ती बसवली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. आता यातला 'मूळ शोध' कुणाचा म्हणायचा? मला तरी एकाचं नाव घेता येत नाही, आणि घ्यावंसं वाटतही नाही.

काम तिथं थांबलंही नाही. गावोगाव बर्फ पोचवणं हीच मोठी अडचण होती. तपासण्या झाल्या आणि २०१२ मध्ये ही लस ४० अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवस बर्फाविना ठेवायला मान्यता मिळाली. त्याच वर्षी बेनिनमध्ये आरोग्यसेवक बर्फाशिवाय ती घेऊन गावांत गेले.