तुम्ही विचारलंत म्हणून : आमचा गट कसा टिकला

“तुमचा सात जणांचा गट इतकी वर्षे कसा टिकला?” हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा स्वतःच्या पांगलेल्या मित्रमंडळाची खंत असते, म्हणून ‘मने जुळली’ असे मोघम उत्तर देणे मला योग्य वाटत नाही. मने तर आमची कॉलेजातही जुळलेली होती. तरीही नोकऱ्या लागल्यावर भेटी वाढदिवसांपुरत्या उरल्या आणि त्यांतही त्याच त्या आठवणी निघू लागल्या. आम्हाला पुन्हा जवळ आणले ते एका कामाने. दर रविवारी सकाळी आम्ही दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करू लागलो.

एकत्र मौज करणे आणि एकत्र काम करणे यांत किती अंतर आहे, हे मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये ओक्लाहोमातील एका शिबिरात पाहिले होते. तिथे २२ मुलांचे दोन गट करून त्यांच्यात स्पर्धा लावली, तेव्हा वैर पेटले. दोघांना एकत्र जेवायला आणि चित्रपट पाहायला बसवूनही ते शमले नाही. मात्र शिबिराचे पाणी बंद पडले आणि बिघाड सर्वांनाच शोधावा लागला, तेव्हापासून, अशा आणखी काही कामांनंतर, ते हळूहळू ओसरले. तो बिघाड संशोधकांनीच मुलांच्या नकळत घडवलेला होता, आणि त्याबद्दल झालेली टीका मला रास्त वाटते. तरीही त्यांचे निरीक्षण आमच्या अनुभवाशी जुळते.

आमचा एक मित्र फार भरभर वाचायचा आणि शब्दांची शेवटची अक्षरे गिळायचा. एरवी मैत्रीखातर आम्ही गप्प बसलो असतो, पण ते ऐकून कोणीतरी परीक्षेला बसणार होते. मी त्याला सांगितले, पण सर्वांसमोर आणि कठोरपणे. ती चूक माझी होती. तो दोन रविवार आला नाही. तिसऱ्या रविवारी आला आणि त्याने तपासणीचे काम स्वतःहून मागून घेतले : पुस्तक समोर ठेवून प्रत्येक मुद्रण ऐकायचे आणि चुकांच्या जागा टिपायच्या. त्यानंतर माझाच एक पाठ त्याने तीनदा परत पाठवला, कारण आकृती शब्दांत सांगताना मी बाणांच्या दिशा गाळल्या होत्या. हृदयाच्या आकृतीत रक्त कोठून कोठे जाते, हे केवळ ऐकणाऱ्याला समजेल असे सांगणे पानभर मजकूर वाचण्यापेक्षा अवघड असते. त्या पाठावर आम्ही जितके भांडलो तितके कॉलेजच्या सर्व वर्षांत भांडलो नव्हतो, आणि एकमेकांना खरे सांगण्याची सवय आम्हाला तिथेच लागली.

पुढे आणखी काही जणांनी यायची इच्छा दाखवली. बेंजामिन फ्रँकलिनने १७२७ मध्ये फिलाडेल्फियात मित्रांचे एक अभ्यासमंडळ सुरू केले होते; ते सुमारे बारा जणांपुरतेच ठेवून, ज्याला आपले मित्र आणायचे असतील त्याने स्वतःचे निराळे मंडळ काढावे, असे त्याने सुचवले. आम्हीही तसेच केले, कारण गट मोठा झाला की एखाद्याची गैरहजेरी जाणवत नाही आणि मग येण्याचे कारणही विरळ होते. नवा गट आता गणित वाचतो, आणि सूत्रे कशी उच्चारावीत यावर त्यांचे वाद झाले की तपासनीस म्हणून ते आमच्या त्याच मित्राला बोलावतात.