म्हणे

गेल्या महिन्यात शाका झुलूवरच्या, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांच्या राजावरच्या, एका माहितीपटाचं मराठी डबिंग स्क्रिप्ट करायला आलं. ४७ मिनिटं, चार दिवसांत हवं. लोकांना वाटतं हे भाषांतर. खरं तर सेकंद मोजायचं काम. इंग्रजी निवेदक अडीच सेकंदांत बोलून मोकळा होतो, ते मराठीतही अडीच सेकंदांतच बसवायचं.

लढाईचा भाग मजेत झाला. शाकाची व्यूहरचना बैलाच्या अंगावरून बेतलेली. मधली फळी छाती, दोन्हीकडून वेढा घालणाऱ्या तुकड्या शिंगं, मागची राखीव फौज कंबर. यातला एकही शब्द मला घडवावा लागला नाही. फेकायच्या लांब भाल्याऐवजी जवळून भोसकायचा आखूड दांड्याचा, रुंद पात्याचा इक्ल्वा; अंगातून उपसताना होणाऱ्या आवाजावरून हे नाव पडलं म्हणे. डोकेदुखी झाली ती शाकाच्या आईच्या नावाची. नंदी! 'नंदी वारली' ऐकलं की आपल्याला महादेवासमोरचा बैलच दिसणार. सगळीकडे 'राजमाता नंदी' केलं, सेकंद गेले तर गेले.

अडलं ते २९व्या मिनिटाला. ऑक्टोबर १८२७ मध्ये राजमाता गेली आणि त्या शोकात शाकाने सात हजार माणसं मारली, असं निवेदक छातीठोकपणे सांगतो. हा आकडा हेन्री फ्रान्सिस फिन या इंग्रज व्यापाऱ्याचा. त्याची 'डायरी' रोजच्या रोज लिहिलेली नाही, पुष्कळ वर्षांनी आठवून मांडलेली; छापून आली १९५० साली. त्यात भर म्हणजे नॅथॅनिएल आयझॅक्स या त्याच्या सोबत्याने १८३२ मध्ये त्याला पत्रातून सुचवलं होतं, की झुलू राजांना जमेल तेवढं रक्तपिपासू रंगव, आणि त्यांनी किती माणसं मारली याचा अंदाजही दे. शाका संत नव्हता. जेम्स स्टुअर्टने टिपून घेतलेल्या झुलू म्हाताऱ्यांच्या आठवणींतही त्याच्या क्रौर्याच्या हकिकती आहेत. पण सात हजार मोजले कुणी?

'फिनच्या म्हणण्यानुसार' काही केल्या बसेना. मग रात्री भांडी घासताना सुचलं. 'सात हजार माणसं मारली म्हणे.' दोन अक्षरं, अर्धा सेकंदही नाही. आमचे काका, म्हणजे निवेदनाचा आवाज, रंगभूमीवर केस पिकवलेला माणूस. त्यांनी पहिल्याच टेकला तो 'म्हणे' असा टाकला की मी काचेअलीकडे मान डोलावली. तेवढ्यात डबिंग डायरेक्टरने टॉकबॅकचं बटण दाबलं.

"काका, म्हणे नको. चावडीवरच्या गप्पा वाटतात."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प. डायरेक्टर मुलगी पंचविशीची, तिला आयझॅक्स कोण हे ठाऊक असायचं कारण नाही. पण मुळात नाही ते घालायचं नाही, हा नियम नवख्यांना मीच शिकवते. 'म्हणे' गेला.

शेवटी शाकाच्या पुतण्याचा उल्लेख येतो. १८७९ मध्ये इसान्डल्वानाला ज्याच्या फौजेने इंग्रजांचा पराभव केला, तो राजा. रोमन लिपीत त्याचं नाव सी अक्षराने सुरू होतं, म्हणून सगळे सरसकट 'सेटश्वायो' म्हणतात. झुलूत तो सी म्हणजे जिभेचं चुकचुकणं. वाईट बातमी ऐकून आजी 'च्च' करते ना, अगदी तोच आवाज. काकांना तेवढंच सांगितलं. चौथ्या टेकला असा सुरेख च्च आला की रेकॉर्डिस्टसुद्धा हसला.

आठवड्याने क्यूसीचा, म्हणजे दर्जा तपासणाऱ्यांचा, रिपोर्ट आला. एकच शेरा: '४४व्या मिनिटाला निवेदकाच्या तोंडाचा आवाज, साफ करावा.'

मी उलट लिहिलं, तो आवाज नाही, अक्षर आहे, राजाचं नाव त्यानेच सुरू होतं. सोबत झुलू बोलणाऱ्याची एक क्लिपही जोडली. तासाभरात मान्य झालं. २९व्या मिनिटाबद्दल मी त्या मेलमध्ये एक ओळ लिहिली होती. पाठवण्याआधी खोडली.